बाण सुटतो तो क्षण : ‘रिलीज’ कोणासाठी, कधी?

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील 17 वर्षांच्या अदिती स्वामीने 149-147 असा, तर नागपूरच्या ओजस देवतळेने 150-149 असा अंतिम सामना जिंकला. कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी महाराष्ट्राचे दोघे जगज्जेते झाले. साहजिकच तिरंदाजी शिकणारी आपली मुले आणि त्यांचे पालक विचारतात, “त्यांच्या हातात ते बटणाचे यंत्र असते, ते मिळाले तर आमचाही नेम तसाच लागेल का?” हितचिंतकही विचारतात, “आम्ही ते घेऊन देऊ का?” म्हणून हा विषय थोडा समजून घेऊ.

त्या यंत्राला ‘रिलीज’ म्हणतात. बोटांनी दोरी सोडताना ती बोटांच्या पेरांवरून घसरत सुटते आणि किंचित बाजूला सरकते. त्यामुळे बाणाचे मागचे टोक हलते व बाण लवतो. एक साधा हिशेब करून पाहा. बाण 70 सेंटिमीटर ओढला आहे आणि सुटताना मागचे टोक फक्त 1 मिलिमीटर बाजूला गेले, तर 50 मीटरवर ती चूक सुमारे 7 सेंटिमीटरची होते. कंपाउंडच्या लक्ष्यावर 10 गुणांचे वर्तुळ अवघे 8 सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून 4 सेंटिमीटरचे असते. एका मिलिमीटरने दहा गुण हुकतात, ते असे.

रिलीज दोरीवर बांधलेल्या छोट्या फासाला एकाच ठिकाणी धरते आणि खटका सुटला की दोरी जवळजवळ सरळ जाते. काही रिलीज मनगटाला पट्ट्याने बांधतात व तर्जनीने सोडतात, काहींचा खटका अंगठ्याने दाबतात, तर काही पाठीचा ताण वाढत गेला की आपोआप सुटतात.

मात्र स्पर्धेत रिलीजला फक्त कंपाउंड प्रकारात परवानगी आहे. बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ आणि ऑलिंपिकमधील रिकर्व्ह या दोन्ही प्रकारांत दोरी बोटांनीच सोडावी लागते. कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यातील भिल्ल वस्त्यांवरून आलेली मुले सुरुवात करतात ती बहुधा इंडियन राउंडपासून. त्यांना आज रिलीज देणे म्हणजे चालायला शिकणाऱ्याच्या हाती सायकल देणे. या मुलांच्या बोटांत वारसाही आहे. अनेक भिल्ल तिरंदाज अंगठा न लावता तर्जनी व मधल्या बोटाने दोरी ओढतात, आणि त्याचा संबंध एकलव्याच्या कथेशी जोडला जातो. आजचे रिकर्व्ह तिरंदाजही दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठ्याने नव्हे. राजस्थानचे आदिवासी तिरंदाज लिंबाराम बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात करून 1988, 1992 आणि 1996 अशा तीन ऑलिंपिकपर्यंत पोहोचले, तेही बोटांनी दोरी सोडूनच.

मग नेम सुधारतो कशाने? पुढील गोष्टी दोन्ही प्रकारांना सारख्याच लागू आहेत.

उभे राहणे : पाय खांद्यांइतके फाकवून, लक्ष्याकडे खांदा करून. वजन दोन्ही पायांवर सारखे.

मूठ : धनुष्य आवळू नये. ते अंगठ्याच्या बुडाशी टेकलेले असावे, बोटे सैल.

ओढणे : हाताच्या जोरावर नव्हे, तर खांद्याचे पाते मागे नेत, पाठीने. मुलाला न पेलणारे कडक धनुष्य देऊ नये. त्याने खांदा दुखावतो.

टेकण : दोरीचा हात दर वेळी हनुवटीखाली किंवा जबड्याशी त्याच एका जागी यावा.

सोडणे : बोटे झटकन उघडायची नाहीत, पाठीची ओढ चालू ठेवून ती सैल करायची. रिलीज असेल तरी खटका ‘मारायचा’ नाही. त्यावर बोट ठेवून पाठीचा ताण वाढवत न्यायचा. ‘आता सोडतो’ म्हणून दचकणारा हात कितीही महाग यंत्राने सुधारत नाही.

थांबणे : बाण लक्ष्यात रुतेपर्यंत धनुष्याचा हात खाली आणू नये.

सर्वात उपयोगी सराव बिनखर्चाचा आहे. पाच पावलांवर गवताचा भारा ठेवावा, त्यावर लक्ष्याचा कागद लावू नये, आणि नेमाचा विचार न करता केवळ सोडण्यावर ध्यान देऊन बाण मारावेत. भाऱ्याच्या मागे व आजूबाजूला कोणी नसावे. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, धनुष्य मोडते. रिलीजने ओढताना बोट खटक्याच्या मागे ठेवावे.

बायबलमध्ये शास्ते 20:16 येथे बन्यामीन वंशातील 700 डावखुऱ्या गोफणधाऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांचा नेम केसभरही चुकत नसे. तेथे ‘चुकणे’ यासाठी आलेला मूळ इब्री शब्दच इतरत्र ‘पाप करणे’ या अर्थाने येतो. लक्ष्य हुकते आणि माणूस परत वळून पुन्हा नेम धरतो, हे शिकवायला मैदानासारखी दुसरी शाळा नाही. म्हणून बाण चुकल्यावर मुलाला रागावू नका. कोठे हात हलला ते दाखवा.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाला आहे, त्यामुळे पुढे रिलीजचीही गरज पडेल. तोवर मदत करू इच्छिणाऱ्यांनी आधी बाण, लक्ष्याचे भारे, बोटांचे चामडी टॅब, हाताचे संरक्षक पट्टे आणि जाणकार प्रशिक्षकाचे मानधन यांचा विचार करावा. एका कंपाउंड संचाच्या पैशात अनेक मुलांचा वर्षभराचा सराव होतो. त्यांतील ज्याचा हात स्थिर झाला, त्याच्यासाठी रिलीज मागायला आम्ही आपल्याकडेच येऊ.