फाइल फुगते, आवाज परतत नाही

आजीच्या ओव्या एमपी-थ्रीमध्ये जपल्या आहेत. त्यांची वेव्ह फाइल केली तर बोलीच्या अभ्यासाला चालेल का? घरातल्या जुन्या ध्वनिफिती चाळणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो.

चालेल, पण अभ्यास कसला आहे ते आधी ठरवावे लागेल. सेकंदाला १२८ किलोबिटची एमपी-थ्री फाइल सीडीवरच्या आवाजाच्या साधारण अकराव्या हिश्श्यात मावते. तिची वेव्ह फाइल केली की आकार कितीतरी पटींनी वाढतो. पण ते वाटीभर ताक मोठ्या पातेल्यात ओतण्यासारखे आहे. एमपी-थ्री करताना जे गेले, ते गेलेच.

गेले काय? मोठ्या आवाजाच्या लगतच्या वारंवारतेतला बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. तो तपशील सोडायचा आणि आकडे कमी वापरल्याने होणारी खरखर मोठ्या आवाजाच्या आड दडवायची, ही यातली युक्ती. एमपी-थ्रीच्या गोष्टीत जर्मनीतले संशोधक कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांनी चाचणीसाठी वापरलेले सुझॅन व्हेगाचे ‘टॉम्स डायनर’ हे गाणे नेहमी येते. बिष्णू अटल यांचे नाव मात्र क्वचितच निघते, आणि ते मला खटकते. कानपूरला १९३३ मध्ये जन्मलेले, लखनौ आणि बंगळुरूला शिकलेले अटल १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेले. तिथे मॅनफ्रेड श्रोडर आणि जे. एल. हॉल यांच्यासह १९७९ मध्ये त्यांनी नेमकी हीच दडवादडवी बोलण्याच्या ध्वनीसाठी मांडली. याच अटल आणि श्रोडर यांनी १९८५ मध्ये मांडलेली दुसरी पद्धत पुढे मोबाइलवरच्या संभाषणाचा पाया ठरली!

आता मूळ प्रश्न. यंत्राला बोलणे ओळखायला शिकवायचे असेल तर एमपी-थ्री पुरते. २०१५ चा ‘लिब्रीस्पीच’ हा सुमारे १,००० तासांचा इंग्रजी संग्रह स्वयंसेवकांनी वाचलेल्या पुस्तकांच्या एमपी-थ्री फायलींतूनच तयार झाला. त्याच्या कर्त्यांपैकी संजीव खुदनपूर हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पातही मराठी वाक्ये एमपी-थ्रीतच मिळतात.

अशा कामाला बहुधा सेकंदाला १६,००० नमुने घेतात, म्हणजे ८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिकतो. जुन्या टेलिफोनवर तो ३.४ किलोहर्ट्झलाच तुटे. ‘चाक’ मधल्या च चे घर्षण ‘चहा’ मधल्या च पेक्षा वरच्या पट्टीत असते, त्यामुळे मराठीला ही वरची जागा हवीच. नमुने कमी करण्याआधी ८ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गाळला नाही, तर तो खालच्या पट्टीत उलटा घुसतो. चांगली सॉफ्टवेअर हे काम आपोआप करतात.

उच्चार मोजायचे असतील तर मात्र जपून. ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक मिलिसेकंदांत मोजतात. एमपी-थ्रीत अशा व्यंजनांच्या स्फोटाच्या आधीच थोडी खरखर पसरते, त्यामुळे सुरुवात पुसट होते. शिवाय फाइलच्या आरंभी वीस-पंचवीस मिलिसेकंदांची शांतता जोडली जाऊ शकते. मूळ ध्वनीवरून टिपलेल्या वेळा मग सरकतात.

तेव्हा नवे ध्वनिमुद्रण थेट वेव्ह किंवा काहीही न गाळता आकार कमी करणाऱ्या फ्लॅकमध्येच करा. जुनी एमपी-थ्री असेल तर ती तशीच ठेवा, तिच्यावरून एकदाच वेव्ह प्रत काढा, ती पुन्हा एमपी-थ्रीत दाबू नका. आणि ही प्रत कशावरून काढली, याची नोंद सोबत लिहून ठेवा.