उरलेली जमीन कोणाची?

ब्रिटिश राजसत्तेचा अंमल न्यूझीलंडवर बसण्यापूर्वीच त्या भूमीची खरेदीखते बाळगणारे गोरे लोक तेथे आणि सिडनीत पुष्कळ झाले होते. व्हेलची शिकार करणारे खलाशी, इमारती लाकडाचे व्यापारी, ख्रिस्ती मिशनरी आणि प्रत्यक्ष जमीन कधीही न पाहता तिचे सौदे करणारे सट्टेबाज, या सर्वांनी माओरी सरदारांच्या सह्या, आणि सही न येणाऱ्यांकडून स्वतःच्या मुखावरील गोंदणाची आकृती, कागदावर उतरवून घेतली होती. विल्यम चार्ल्स वेंटवर्थ या सिडनीच्या पुढाऱ्याने तर आपल्या साथीदारांसह दक्षिण बेटातील सुमारे दोन कोटी एकरांवर हक्क सांगितला. आणि हे खत करून देणारे सरदार त्या वेळी सिडनीलाच आलेले होते, तेव्हा जागेवर जाऊन चतुःसीमा पाहण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर सर जॉर्ज गिप्स यांनी 14 जानेवारी 1840 रोजी जाहीरनामा काढला की, राजसत्तेने दिलेली वा मंजूर केलेली सनद असल्यावाचून न्यूझीलंडमधील कोणाचीही मालकी ग्राह्य धरली जाणार नाही. तोच हुकूम लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आलेल्या कॅप्टन हॉब्सन यांनी 30 जानेवारीस कोरोरारेका येथे वाचून दाखवला, आणि त्यानंतर आठवडाभरात वायटांगीचा तह झाला, ज्याच्या दुसऱ्या कलमाने माओरींची जमीन विकत घेण्याचा अग्रहक्क राणीकडे गेला. पूर्वीच्या खरेद्यांची चौकशी करण्याकरिता 1841 च्या वटहुकुमान्वये जे कमिशनर काम करू लागले, त्यांत एडवर्ड गॉडफ्रे आणि मॅथ्यू रिचमंड हे दोन लष्करी अधिकारी होते. त्यांना दिलेला हिशेब मोठा चमत्कारिक होता. खरेदीदाराने दिलेल्या मालाची किंमत सिडनीच्या भावाच्या तिप्पट धरायची. 1815 ते 1824 या काळातील खरेदीस एकरी सहा पेन्स, तर 1839 मधील खरेदीस एकरी चार ते आठ शिलिंग दर लावायचा. आणि येईल तेवढी जमीन, पण सामान्यतः 2,560 एकरांहून अधिक नाही, दावेदाराच्या नावे करण्याची शिफारस करायची.

वसाहतवाले आणून बसवणाऱ्या न्यूझीलंड कंपनीचे दावे मात्र स्वतंत्रपणे विल्यम स्पेन या विलायतेहून आलेल्या वकिलाकडे सोपवलेले होते. त्यांच्यासमोर 1842 पासून वेलिंग्टनला जी सुनावणी चालली तिच्यातील डिकी बॅरेट या व्हेल-शिकाऱ्याची साक्ष मला साऱ्या प्रकरणाची गुरुकिल्ली वाटते. सप्टेंबर 1839 मध्ये बंदुका, घोंगड्या, रात्रीच्या टोप्या, छत्र्या आणि मोरचंगासारखी तोंडाने वाजवायची वाद्ये देऊन कंपनीने पोर्ट निकलसनचा, म्हणजे वेलिंग्टन बंदराभोवतीचा, प्रदेश ‘घेतला’, त्या वेळी दुभाषा हाच. कायदेशीर इंग्रजीत लिहिलेले ते खत माओरींना कसे समजावून सांगितले हे त्याने करून दाखवले, तेव्हा सुमारे 1,600 शब्दांचा मजकूर त्याच्या तोंडून 115 माओरी शब्दांत, आणि तोही अर्थहीन स्वरूपात, बाहेर पडला. एवढे झाल्यावर स्पेन यांनी सौदा रद्द ठरवला असता तर नवल नव्हते. परंतु तोपर्यंत जहाजे भरभरून वसाहतवाले येऊन घरे बांधून बसले होते, म्हणून चौकशीचे रूपांतर हळूहळू नुकसानभरपाई ठरवण्याच्या लवादात झाले आणि अखेर 1844 मध्ये पोर्ट निकलसनसाठी 1,500 पौंडांचा आकडा ठरला. मधल्या काळात, स्पेन यांचा निर्णय होईतो मोजणी करू नका असे ते राउपराहा हे सरदार वायराऊच्या खोऱ्याबद्दल परोपरीने सांगत असता, कंपनीच्या लोकांनी ऐकले नाही. त्यातून जून 1843 मध्ये चकमक उडाली आणि तीत 22 गोरे मारले गेले.

उत्तरेकडे, गॉडफ्रे यांच्यापुढे, असे नाट्य थोडे आणि ठराविकपणा फार. बहुधा दोन माओरी साक्षीदार उभे राहत, कागदावरची खूण आपली आहे व माल मिळाला आहे असे सांगत, आणि व्यवहार शाबीत होई. ‘विकणे’ या शब्दाने त्यांच्या मनात काय येते, हे विचारण्याची कमिशनला गरज वाटली नाही. मात्र खरी मख्खी पुढेच आहे. समजा, एखाद्या दावेदाराची दहा हजार एकरांची खरेदी अस्सल ठरली आणि सनद मिळाली अडीच हजारांची, तर उरलेले साडेसात हजार एकर कोणाचे? भोळ्या माणसाला वाटेल, मूळ मालकाचे. सरकारचा युक्तिवाद असा की, माओरींनी ती जमीन रीतसर विकून टाकली असल्याने त्यांचा संबंध सुटला, खरेदीदाराला कायदा मर्यादेबाहेर देत नाही, म्हणून ती राजसत्तेची! ज्या कायद्याचा उद्देश सट्टेबाजांना आवर घालण्याचा होता, त्याचा लाभ असा फिरून सरकारी खजिन्याकडे गेला. पुढे 1856 च्या कायद्याखाली कमिशनर म्हणून नेमलेल्या फ्रान्सिस डिलन बेल यांनी तर जुन्या दाव्यांच्या संपूर्ण बाह्य सीमेची मोजणी करून घेण्यावर भर दिला, जेणेकरून ही शिल्लक नकाशावर नीट उमटावी.

कित्येक माओरी त्या जमिनीवर पूर्वीप्रमाणेच राहत होते, कसत होते, मासे धरत होते. आपली जमीन आपली राहिलेली नाही हे त्यांना फार उशिरा कळले, आणि तक्रारअर्जांची परंपरा सुरू झाली ती शतकभर चालली. माजी सरन्यायाधीश सर मायकेल मायर्स यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनने 1948 मध्ये या शिल्लक जमिनींचा अहवाल दिला खरा. पण तोवर बहुतेक जमीन इतरांच्या नावे गेलेली होती, तेव्हा जमिनीऐवजी पैशाने भरपाई झाली.

मूळ प्रश्नाला हात घातला तो तहाच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायटांगी न्यायाधिकरणाने, 1997 साली, उत्तर बेटाच्या अगदी उत्तर टोकाच्या मुरिफेनुआ प्रदेशाच्या प्रकरणात. माओरी रीतीनुसार सरदाराने परक्याला जागा देणे म्हणजे ‘तुकू फेनुआ’: त्याला आपल्या समाजात सामावून, त्या समाजाशी नाते राखील तोवर राहण्या-कसण्याची मुभा देणे; जमिनीवरचा समाजाचा अधिकार त्याने संपत नाही. हे मान्य करून न्यायाधिकरणाने म्हटले की, तहापूर्वीचे ते व्यवहार विक्रीचे नव्हतेच, आणि मग गॉडफ्रे यांनी शाबीत धरलेल्या खरेद्यांतून सरकारकडे गेलेल्या त्या शिल्लक जमिनीचा हिशेबही पुन्हा मूळ मालकांपासूनच मांडावा लागला.