कोरा कागद

“बाई, जादू येते तर रॉनच्या घरचे गरीब कसे?” चौथीतल्या एका मुलाने हे विचारलं, तेव्हा माझ्या हातात मी रात्री बसून काढलेले प्रश्न होते. त्यांत हा नव्हता.

कामोठ्यातल्या एका मराठी शाळेत मी मुलांना ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचून दाखवत होते. जे. के. रोलिंग यांच्या १९९७ साली आलेल्या कादंबरीचा हा अनुवाद. प्रकरणं सतरा, प्रत एकच, आठवड्याला एक तास. माझे प्रश्न ठरलेले: हॅरीच्या अंगचे गुण लिहा, या प्रकरणातून काय बोध मिळतो? उत्तरंही ठरलेलीच आली. पुस्तक न ऐकता लिहिता आली असती अशी.

लुईज रोझेनब्लॅट या अमेरिकन विदुषींनी १९३८ सालापासून एक गोष्ट सतत मांडली, की अर्थ पुस्तकात तयार पडलेला नसतो. वाचक आणि पुस्तक यांच्या भेटीत तो घडतो. औषधाच्या बाटलीवरची सूचना आपण वाचतो ती माहिती घेऊन मोकळं होण्यासाठी. कादंबरी वाचायची ती वाचता वाचता अनुभवण्यासाठी. आपण शाळेत दोन्ही एकाच चालीवर वाचायला लावतो. बाटली आणि कादंबरी!

मग मी प्रश्न काढणं मुलांवरच सोपवलं. अद्भुत कथेत काहीही घडू शकतं, असं मोठ्यांना वाटतं. मुलांना तसं अजिबात वाटत नाही. जादूच्या जगाचेही नियम असले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. फलाट क्रमांक नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश म्हणजे पावणेदहा, हे एकीने बोटं न मोजता सांगितलं. लगेच दुसरा म्हणाला, “मानसरोवरला एवढे फलाटच नाहीत. सीएसएमटीलाच जावं लागेल.” परिसावर तर भांडणच जुंपलं. आपला परीस लोखंडाचं सोनं करतो, पण कुणाला अमर करत नाही. पुस्तकातला दगड दोन्ही करतो. युरोपातल्या किमयागारांची तशी समजूत होती, आणि त्या कथेतला निकोलस फ्लामेल हा पॅरिसमध्ये खरोखर होऊन गेलेला लेखनिक, १४१८ साली वारलेला. “मग अमृत संपलं असेल,” असा निकाल वर्गाने दिला.

एका पालकांनी विचारलं, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झालाय, मग शाळेत हे कशाला? शंका रास्त होती. मी त्यांना तासाला बसवलं. छडी फिरवून काही होतं असं मानणारं एकही मूल त्यांना भेटलं नाही. रॉनच्या गरिबीवर मात्र पंधरा मिनिटं चर्चा चालली.

बाराव्या प्रकरणात तो आरसा येतो. त्यात ज्याला त्याला मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. हॅरीला त्याचे वारलेले आईवडील दिसतात. मी कागद वाटले: तुम्हाला काय दिसेल ते काढा. कामोठे हे सिडकोच्या काळात वाढलेलं उपनगर. मूळ गावातली काही मुलं सोडली, तर वर्गातल्या प्रत्येकाचं गाव वेगळं. बऱ्याच कागदांवर अंगण आणि आजी उमटली. एका मुलीने नुसते जेवायला बसलेले वडील काढले. मी म्हटलं, हे तर रोजचंच. ती म्हणाली, “बाबांना रात्रपाळी असते. मी बघते तेव्हा ते झोपलेलेच असतात.”

एक कागद मात्र कोरा आला. रॉनच्या गरिबीबद्दल विचारणाऱ्याच मुलाचा. जमलं नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “काढायचं नाही. हॅरीचे आईबाबा रॉनला तरी कुठे दिसले?”

खरंच, पुस्तकात तसंच आहे. रॉनला आरशात फक्त तो स्वतःच दिसतो. दोनदा वाचूनही माझ्या लक्षात न आलेली ही गोष्ट. कागद तसाच घेऊन मी फाइलला लावला. पुढच्या आठवड्यात, आरसा कुठे हलवला म्हणून विचारायला सर्वांत आधी तोच उभा राहिला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)