स्पॅनिश किनारी भूरूपसंज्ञा

स्पेनचा किनारा अटलांटिक महासागर व भूमध्य समुद्र या भिन्न प्रकृतीच्या जलाशयांना लागून असल्यामुळे किनारी भूरूपे दर्शविणारी समृद्ध शब्दसंपदा स्पॅनिश भाषेत निर्माण झाली. यांतील काही संज्ञा भूगोलशास्त्राच्या परिभाषेत रूढ झाल्या, तर काही वसाहतकाळात अमेरिकेत गेल्या.

समुद्रात घुसलेल्या भूशिरास ‘काबो’ आणि लहान, निमुळत्या टोकास ‘पुंता’ म्हणतात. ‘काबो’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतही असून गोव्यातील ‘काब द राम’ या स्थलनामात तो आढळतो. जमिनीत शिरलेल्या पाण्यास आकारमानाच्या उतरत्या क्रमाने ‘गोल्फो’ (आखात), ‘बाइआ’ (उपसागर), ‘एन्सेनादा’ (लहान उपसागर) व ‘काला’ (कड्यांमधील चिंचोळी खाच) अशा संज्ञा आहेत; मात्र त्यांच्या सीमा काटेकोर नाहीत. मायोर्का व मिनोर्का बेटांच्या चुनखडकयुक्त किनाऱ्यांवर असे अनेक ‘काला’ आढळतात.

‘रीआ’ ही संज्ञा गॅलिशियाच्या किनाऱ्यावरून आली. समुद्रपातळी उंचावल्याने नदीची दरी बुडून रीआ तयार होते. हिमनदीने कोरलेल्या फ्योर्डपासून ती उत्पत्तीने भिन्न आहे. जर्मन भूगोलज्ञ फेर्डिनांट फोन रिख्टहोफेन यांनी १८८६ मध्ये या संज्ञेस शास्त्रीय स्थान दिले. आरोसा, पाँतेवेद्रा व व्हिगो या प्रमुख रीआ असून त्यांच्या संथ पाण्यात तराफ्यांवर कालवांसारख्या शिंपल्यांची शेती केली जाते. कोकणातील खाड्यांच्या वर्णनातही ही संज्ञा योजतात.

‘आल्बुफेरा’ म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून अलग झालेले खारकच्छ. हा शब्द ‘लहान समुद्र’ या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला. व्हॅलेन्सियाजवळील आल्बुफेराभोवती भातशेती होते. मुर्सिया प्रांतातील मार मेनोर (सु. १३५ चौ. किमी.) हे असेच खारकच्छ असून ‘ला मांगा’ (बाही) नावाचा सु. २२ किमी. लांबीचा दांडा त्यास समुद्रापासून वेगळे करतो. शेतीतील खतांचे अंश पाण्यात मिसळून त्याचे संतुलन ढासळले. २०१९ मध्ये तेथे मोठ्या प्रमाणावर मासे मेले. २०२२ च्या कायद्याने त्यास विधिमान्य व्यक्तित्व देण्यात आले. ‘मारिस्मा’ ही किनारी दलदल होय. ग्वादालकिव्हिर नदीच्या मुखाजवळील मारिस्मांचा काही भाग १९६९ मध्ये स्थापन झालेल्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात मोडतो.

अमेरिकेत या संज्ञांचे अर्थ व रूपे बदलली. ‘प्लाया’ म्हणजे मुळात पुळण. पण संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य वाळवंटी प्रदेशात त्यास कोरड्या सरोवराचा तळ असा अर्थ आला. याउलट ‘कायो’ (सखल, लहान बेट) हा कॅरिबियन बेटांतील मूलनिवासींचा शब्द स्पॅनिशने स्वीकारला. फ्लॉरिडातील ‘कायो उएसो’ (हाडांचे बेट) या नावाचे इंग्रजीत ध्वनिसाम्यामुळे ‘की वेस्ट’ झाले व मूळ अर्थ लुप्त झाला. म्हणून स्थलनामातील संज्ञेवरून भूरूपाचा निष्कर्ष काढताना त्या शब्दाचा प्रदेश व इतिहास लक्षात घेणे आवश्यक ठरते.