कृष्णा : एक नाव, अनेक धनी

‘कृष्ण’ म्हणजे काळा, सावळा. वद्य पक्षाला कृष्णपक्ष म्हणतात तो याच अर्थाने. संस्कृतात ऱ्हस्वान्त ‘कृष्ण’ पुल्लिंगी, तर दीर्घान्त ‘कृष्णा’ स्त्रीलिंगी. महाभारतात कृष्णा म्हणजे सावळी द्रौपदी. वासुदेवाखेरीज कृष्णद्वैपायन व्यास आणि अर्जुन यांनाही ‘कृष्ण’ हे नाव आहे, म्हणजे एकाच ग्रंथात चौघे! महाबळेश्वरला उगम पावून सुमारे 1,400 किलोमीटर वाहणारी, बंगालच्या उपसागराला मिळणारी नदीही कृष्णाच. वाईकरांची ती कृष्णामाई. तिथे कृष्णाबाईचा उत्सव भरतो. आंध्र प्रदेशातल्या कृष्णा जिल्ह्याचे नाव याच नदीवरून पडले. मच्छलीपट्टणम हे त्याचे मुख्य ठिकाण. मराठी घरांत मात्र ‘कृष्णा’ मुलगाही असतो. संबोधनातले रूपच तिथे नाव होऊन बसले आहे.