जागा आणि शेजार : बार्नॅकलची गोष्ट

समुद्रकाठच्या खडकावर अनवाणी चाललं की पायाला काहीतरी खरखरीत बोचतं. वाकून पाहिलं तर पांढरट, छोटे छोटे शंकू दिसतात. हे बार्नॅकल. कवच बघून आपण त्यांना शिंपल्यांच्या कुळातले समजतो, आणि लिनियससारखे मोठे पंडितही तसंच समजत होते. पण १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्सन यांनी त्यांची पिल्लं तपासली, आणि ती निघाली कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीची! पुढे डार्विन यांनी १८४६ पासून आठ वर्षं याच प्राण्यांच्या अभ्यासात घालवली.

आता हे राहतात कुठे? पिल्लू आधी पाण्यात पोहतं, वाढतं. शेवटच्या अवस्थेत ते काही खात नाही, साठवलेल्या शिदोरीवर जगतं. काम एकच, जागा शोधणं. चाचपून बघतं, पसंत पडली की डोक्याकडच्या बाजूने चिकटतं. बहुतेकांसाठी ही जागा मग जन्माची. पुढे पायांनीच पाण्यातलं अन्न ओढून खायचं.

आणि जागा तरी किती प्रकारच्या! कोणी खडकावर, कोणी होडीच्या तळाला. देठ असलेले तरंगत्या ओंडक्यांवर. काही कासवाच्या पाठीवर, काही हंपबॅक देवमाशाच्या कातडीत रुतलेले. खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांपाशीही काही जाती आहेत. सॅक्युलिना तर खेकड्याच्या शरीरातच मुळांसारखी पसरते. तिला ना कवच, ना पाय. ती बार्नॅकलच, हे कळतं तिच्या पिल्लावरून.

मग आपण म्हणू, ज्याला जे मानवतं तिथे तो राहतो. पण इथे जरा थांबू या. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन जाती आहेत. थॅमॅलस खडकाच्या वरच्या पट्ट्यात, बॅलॅनस खालच्या. जोसेफ कॉनेल यांनी खालच्या पट्ट्यातल्या काही दगडांवरचे बॅलॅनस काढून टाकले आणि वाट पाहिली. तिथे थॅमॅलस चांगले जगले! म्हणजे खालची जागा त्यांना मानवत होतीच. बॅलॅनस भराभर वाढून त्यांना झाकतात, चिरडतात, खालून उचकटून काढतात. बॅलॅनसला मात्र वर जाता येत नाही, ओहोटीच्या वेळी तिथे ते सुकून मरतात. हे काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं.

गंमत अशी, की शेजारी टाळूनही चालत नाही. बहुतेक बार्नॅकल उभयलिंगी असतात, तरी प्रजननासाठी सहसा हाताशी जोडीदार लागतोच, कारण उठून जाता येत नाही. म्हणून पिल्लं आपल्या जातीच्या प्रौढांचा रासायनिक माग काढत त्यांच्याजवळच चिकटतात. शेजारी हवाही असतो आणि जिवावरही उठतो.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यातून एक सावधगिरी शिकता येते. एखादा जिथे दिसतो तेवढीच त्याची कुवत, असं आपण चटकन म्हणून टाकतो. जीवांबद्दल म्हणतो, माणसांबद्दलही म्हणतो. कॉनेल यांनी दगड मोकळा केला नसता, तर वरचा कोरडा पट्टा हाच थॅमॅलसचा स्वभाव, असं आपण लिहून मोकळे झालो असतो. तेव्हा 'हा इथेच का?' असं विचारताना 'शेजारी कोण?' हेही विचारायला हवं.