जुन्या मोटारसायकलचा नवा बुश

गावोगावी आता मोटारसायकली झाल्या आहेत. काही नव्या आहेत, काही फार जुन्या. जुनी गाडी चालते खरी. पण तिचा एखादा भाग झिजला म्हणजे पंचाईत होते. दुकानात तो भाग मिळत नाही. का बरे मिळत नाही? पुष्कळदा ती गाडी करणारा कारखानाच बंद झालेला असतो. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ सालापासून जावा गाड्या होऊ लागल्या. पुढे तिथेच येझदी गाड्या झाल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. गाड्या मात्र अजून रस्त्यावर दिसतात.

मग अशी गाडी भंगारात घालावी का? नाही. काही भाग लेथवर नवे करून घेता येतात. पण सगळेच भाग असे करून चालत नाहीत. कोणते करावेत आणि कसे करावेत, ते आपण एका गोष्टीवरून पाहू.

एक दूधवाला होता. त्याची गाडी वडिलांच्या वेळची. रोज पहाटे दुधाच्या बरण्या लावून तो तालुक्याला जाई. काही दिवसांपासून वळणावर गाडीची मागची बाजू झुलू लागली. एकदा तर तो बरण्यांसकट पडता पडता वाचला. तो मिस्त्रीकडे गेला.

"मिस्त्री, चाकात काही बिघाड आहे का बघा. गाडी मागून पार झुलतीय."

मिस्त्रीने गाडी मोठ्या स्टँडवर उभी केली. मागचे चाक ज्या दोन लोखंडी बाह्यांत धरलेले असते, त्या भागाला 'चिमटा' म्हणतात. मिस्त्रीने चाक न धरता चिमटाच धरला आणि आडवा हलवला. आत टक्‌टक् आवाज झाला.

"दादा, चाक चांगलं आहे. चिमट्याचा बुश गेलाय."

बुश म्हणजे काय? बुश म्हणजे धातूची लहान नळी. चिमटा एका पोलादी पिनेवर वरखाली हलतो. पीन आणि चिमटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक बुश असतो. काही गाड्यांत तो रबराचा असतो. या गाडीत धातूचा होता. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आतून झिजला म्हणजे चाक डगमगते, हे तुम्हांला ठाऊक आहे. इथेही तसेच झाले होते.

मिस्त्रीने चिमटा सोडवला. आतून पत्र्याची एक पट्टी निघाली.

"हे कुणी घातलं?"

"मीच घातलं. वाटलं, फट भरली म्हणजे भागेल."

"पत्रा चार दिवसांत दबतो, दादा. मग फट पहिल्याहून मोठी होते. आपण नवा बुश करून घेऊ. पण आधी माप."

मिस्त्रीने व्हर्नियर काढले. व्हर्नियर ही बारीक माप घेण्याची पट्टी असते. तिच्यावर मिलिमीटरचाही बारीक अंश मोजता येतो. चिमट्याचे भोक त्याने उभे मोजले आणि आडवेही मोजले. दोन मापे सारखी नसली तर भोक लांबट झाले असे समजावे. मग गोल बुश त्यात नीट बसत नाही. नंतर त्याने पीन मोजली. मधे मोजली आणि टोकांनाही मोजली. पीन झिजलेली असेल तर नुसता बुश बदलून काही उपयोग नाही. इथे पीन चांगली होती. शेवटी त्याने बुशाची लांबी घेतली. लांबी कमी झाली तर चिमटा आडवा हलतो; जास्त झाली तर तो आवळतो.

सगळी मापे कागदावर लिहून दोघे लेथवाल्याकडे गेले.

दूधवाला म्हणाला, "लोखंडाचाच करा. टिकेल तरी."

लेथवाला हसला. "बुश पिनेपेक्षा मऊ पाहिजे. म्हणजे झिजला तर बुश झिजेल, पीन वाचेल. बुश पुन्हा करता येतो. तशी पीन इथं होत नाही." त्याने गनमेटलचा तुकडा लेथवर लावला.

आता एक नवल पाहा. चिमट्याचे भोक २८ मिलिमीटर होते. बुश बाहेरून २८ मिलिमीटर आणि वर एका मिलिमीटरचे तीन शतांश, इतका केला. तीन शतांश म्हणजे किती? वहीच्या कागदाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. भोकापेक्षा बुश मोठा का? लोहार लाकडी चाकावर धाव कशी चढवतो ते आठवा. धाव चाकापेक्षा थोडी लहान ठेवतो. तापवून ती चढवतो. निवली म्हणजे ती चाकाला घट्ट आवळते. बुशाचेही तसेच आहे. थोडा मोठा असला म्हणजेच तो भोकात पक्का बसतो, फिरत नाही.

बुशाला एक बारीक भोकही पाडले. ग्रीस आत जाण्याची वाट तीच. हे भोक राहून गेले, तर वरून कितीही ग्रीस भरा, आत पीन कोरडीच राहते आणि नवा बुशही लवकर झिजतो.

बुश बसवताना मिस्त्रीने हातोडी मारली नाही. हातोडीने बुशाची कड चेपते आणि तो तिरपा जातो. त्याने एक लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि एक नट घेतला. बुशाचे भोक ग्रीसच्या वाटेसमोर धरले. मग नट हळूहळू आवळत बुश सरळ आत ओढून घेतला. बुश आवळून बसला की त्याचे आतले भोक थोडे लहान होते. म्हणून शेवटी दोन्ही बुशांतून एकच लांब रीमर फिरवला. पीन हाताने सरकली, पण डगमगली नाही. गाडी ठीक झाली.

दूधवाला खूश झाला. म्हणाला, "आता पुढच्या चाकाचा आसही असाच करून द्या. ब्रेकची कांबही वेल्डिंग करून टाका."

मिस्त्रीने मान हलवली. "ते नाही करायचं, दादा. बुश हळूहळू झिजतो, आवाज करून आधी सांगतो. आस सांगत नाही, एकदम तुटतो. मूळ आसाचं पोलाद निवडून, पाणी देऊन कठीण केलेलं असतं. साध्या सळईत तो जोर नाही. वेल्डिंगच्या शेजारचं पोलादही कधी कधी ठिसूळ होतं. ब्रेक, आस, हँडल, पुढचा चिमटा, ह्यांना मूळ भागच पाहिजे. तो मिळेपर्यंत गाडी घरी उभी करा."

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग घालणे ही दुरुस्ती झाली. पण नोंदणीच्या कागदात लिहिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, कलम ५२ मध्ये, तसे सांगितले आहे.

दूधवाल्याने पहिले दोन दिवस गाडी रिकामी आणि सावकाश चालवली. मग मिस्त्रीकडे जाऊन पीन पुन्हा तपासून घेतली. नंतरच त्याने बरण्या लावल्या.

तुम्हीही भाग करून घेण्याआधी मिस्त्रीला एक प्रश्न विचारा: "हा भाग चालत्या गाडीत तुटला, तर माणूस पडेल का?" उत्तर 'हो' आले, तर पैसे वाचवू नका. घरची माणसे तुमची वाट पाहत असतात.